शिडीपाशी सांगायचं वाक्य

सुट्टीतली एक तरी गोष्ट धाकट्या भावाने ठरवायची, असं ताईने फर्मान काढलं होतं. राहायची खोली तिने ठरवली, प्रवासाची तिकिटं तिने काढली, आणि किनाऱ्यावरची कोणती छत्री बऱ्या सावलीची आहे हेदेखील छत्रीवाल्याशी हुज्जत घालून तिनेच ठरवलं. उरलं होतं ते पाण्याखाली जाणं. धक्क्यावर स्कूबावाल्यांच्या टपऱ्या ओळीने लागलेल्या होत्या, आणि त्यांतली बोट निवडायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

"आणि मला विचारायला यायचं नाही हं, मौनीबाबा," ती खुर्चीत पाय पसरत म्हणाली. "मी गेल्यावर कुणाला विचारणार आहेस?"

हे ती हसत म्हणाली. तोही हसला. महिनाअखेरीस ती समुद्रापलीकडच्या देशात नोकरीला जाणार होती, आणि परत यायचा विषय तिच्या बोलण्यात नव्हता. आईवडील गेल्यापासून घरात दोघंच होती. दूधवाल्यापासून दवाखान्यातल्या डॉक्टरपर्यंत जगाशी जे काही बोलायचं ते ताई बोलत असे, आणि तो तिच्या बोलण्याच्या आडोशाला निवांत वाढला होता. ती जाणार हे कळल्यापासून त्याच्या मनात एकच वाक्य होतं: जाऊ नकोस. छापखान्यात तो मुद्रितं तपासायचा, दिवसभर इतरांची वाक्यं दुरुस्त करायचा. हे स्वतःचं इवलंसं वाक्य मात्र त्याच्या ओठांपर्यंत कधी आलं नव्हतं. ते सांगायला हीच सुट्टी, हे त्याला माहीत होतं. बहुधा तिलाही माहीत होतं.

पहिल्या टपरीवर कर्ण्यातून गाणी वाजत होती. विक्रेत्याने लांबूनच हात पसरले. "या साहेब, या! नाव काय? मोठ्यानं सांगा! आमच्या बोटीवर लाजायला बंदी आहे!" बोटीवर चढताना प्रत्येकाने आपलं नाव ओरडायचं आणि उतरताना सगळ्यांनी मिळून नाचायचं, अशी तिथली पद्धत होती. सामान नवं होतं, प्राणवायूची वेगळी पेटी होती, प्रत्येक पाहुण्यामागे एक शिकवलेला माणूस होता. नंतर पुष्कळदा विचार करताना त्याला मान्य करावं लागलं, की सगळ्यांत चांगली बोट तीच होती.

दुसऱ्या टपरीवर पाण्याखालचं चित्रण करून देत होते आणि त्यासाठी कॅमेऱ्यासमोर चार शब्द बोलावे लागत. तिथे तो थांबलाच नाही.

शेवटची बोट धक्क्याच्या टोकाला बांधलेली होती. निळा रंग उन्हाने पांढुरका झालेला. बोटवाला उकिडवा बसून श्वासाच्या नळ्या गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून धूत होता. त्याने मान वर करून पाहिलं, पुन्हा खाली घातली. नाव विचारलं नाही. भावाने टाक्यांवरचा तपासणीचा शिक्का पाहिला, तो ताजा होता. मास्कचं रबर दाबून पाहिलं, ते मऊ होतं. बोटीवर गर्दी नव्हती. परत जाताना ही सगळी कारणं त्याने ताईला सांगण्यासाठी नीट रचून घेतली. ती सगळी खरी होती. निवड मात्र त्यांमुळे झाली नव्हती. तिथे कुणाशी बोलावं लागणार नव्हतं, एवढ्यासाठी झाली होती.

"वा," ताई सगळं ऐकून म्हणाली. "म्हणजे शेवटी तुझ्यासारखीच बोट शोधलीस."

सकाळी पाणी तेलासारखं संथ होतं. बोटीवर त्या दोघांखेरीज एक नवविवाहित जोडपं होतं, आणि खाली नेणारा पाणबुड्या, जो सगळं हातानेच सांगायचा. किनारा बारीक रेघ होईपर्यंत ताईने नवरीच्या माहेरची सगळी माणसं माहीत करून घेतली. मग बोटवाल्याने इंजिन हळू केलं आणि तो पहिल्यांदाच सलग बोलला.

"जोडीनं जायचं, हात सोडायचा नाही. आता आणखी एक. खाली जाण्याआधी प्रत्येकानं आपल्या जोडीदाराच्या कानात एक वाक्य सांगायचं. काहीही. वर आलात की शिडीपाशी ज्याचं वाक्य त्याला ते परत म्हणून दाखवायचं. जोडीदार 'बरोबर' म्हणाला, की मी वर घेतो."

"आणि नाही आठवलं तर?" नवऱ्याने हसत विचारलं. "खालीच ठेवता काय?"

"वडिलांपासूनची रीत आहे," बोटवाला म्हणाला. "पाण्याखाली कधी कधी भान सुटतं माणसाचं. डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढं कळतं."

कारण पटण्यासारखं होतं. नवऱ्याने नवरीच्या कानात काहीतरी सांगितलं, तिने त्याला चापट मारून आपलं वाक्य सांगितलं. ताई भावाकडे सरकली आणि त्याच्या कानाशी वाकून, एरवी कधी बोलत नसे इतक्या हळू म्हणाली, "जे सांगायचंय ते सांगून टाक. मी रागावणार नाही."

मग तिने आपला कान पुढे केला.

तिच्या केसांना उन्हाचा आणि मिठाचा वास होता. तो वाकला. वाक्य तयार होतं, दोनच शब्दांचं. समोर नवरा-नवरी बघत होती, पाणबुड्या बघत होता, बोटवाला बघत होता. त्याच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. त्याने ओठ हलवल्यासारखं केलं आणि तो मागे झाला.

"ऐकू नाही आलं रे," ताई म्हणाली. "इंजिनात गेलं. परत सांग."

"झालं का?" बोटवाल्याने विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. उशीर झालेल्या माणसाची वाट पाहून शेवटी दार लावून घेताना असते तशी ती नजर होती. मग तिने मास्क चढवला.

खाली गेल्यावर आवाज संपले. उरला फक्त स्वतःचा श्वास, एखाद्या मोठ्या घरात दुसऱ्या कुणाचा ऐकू यावा तसा. वरून येणारा उजेड थरथरत वाळूवर पडत होता, खडकावरचं शेवाळ एका लयीत झुकत होतं, पिवळे मासे एकदम वळत आणि एकदम नाहीसे होत. ताईचा हात त्याच्या हातात होता. या जगात कुणीच बोलू शकत नव्हतं, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत. ही जागा संपू नये, असं त्याला वाटलं. हेही त्याला नंतर आठवत राहिलं.

खडकाला वळसा घालताना कुणाच्या तरी पायाने तळाची वाळू उडाली. पाणी दुधासारखं झालं. ताईचा हात सुटला.

त्याने बोटं पसरून चाचपडलं. पाणी, फक्त पाणी. ओरडावंसं वाटलं, पण तोंडात नळी होती. मग हात परत हातात आला, आणि त्याने तो घट्ट धरला. वाळू खाली बसली तेव्हा ताई शेजारीच होती, सगळं ठीक असल्याची खूण करत. तिची बोटं त्याने धरल्यापेक्षाही घट्ट आवळलेली होती.

वर आल्यावर उजेड डोळ्यांत भरला. नवरी शिडीला धरून ओरडली, "घोरणं बंद करणार म्हणालाय! सगळ्यांनी ऐकून ठेवा!" नवऱ्याने मान डोलावून तिचं वाक्य म्हटलं, बोटवाल्याने दोघांना वर घेतलं. भावाने ताईकडे पाहत तिचं वाक्य पुटपुटून दाखवलं. तिने होकाराची मान हलवली.

मग तिची पाळी आली. तिने शिडीची खालची पायरी धरली होती. मास्कच्या काचेआड तिचे डोळे नीट दिसत नव्हते.

बोटवाला वाकला. त्याने मदतीचा हात पुढे केला नव्हता. उलट शिडीच्या वरच्या पायरीवर आपला पाय आडवा ठेवला होता.

"काय सांगितलं होतं भावानं?"

पाणी लाकडावर आपटत राहिलं. ती गप्प होती. नवरा-नवरी हसायची थांबली.

भावाचे कान तापले. आता सगळ्यांना कळणार होतं, की एवढंसं कामही त्याला जमलं नव्हतं. मी काही बोललोच नव्हतो, त्याने स्वतःला समजावलं, तेव्हा गप्प राहणं हेच बरोबर उत्तर नाही का?

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"ती बोलली कुठं?"

"मला म्हणाली. हळू. बरोबर आहे."

बोटवाल्याने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाय काढला.

परतीच्या वाटेवर ताई टॉवेल गुंडाळून बसून होती. "दमल्या हो तुमच्या ताई," नवरी म्हणाली. त्यालाही तसंच वाटलं. संध्याकाळी जेवायला गेल्यावर वेटर वही घेऊन उभा राहिला आणि ताई भावाकडे पाहत राहिली. शेवटी त्यालाच सांगावं लागलं. वेटरने आदल्या दिवशी ताईशी चाललेली थट्टा पुढे चालवू पाहिली, तेव्हा ती सौजन्याने हसली, एखाद्या अनोळखी माणसाच्या घरातली तसबीर पाहून हसावं तसं. समोर आलं ते तिने सगळं खाल्लं. तिखट तिला सोसत नसे. त्या दिवशी सोसलं.

छापखान्यातल्या सवयीने त्याची नजर एका गोष्टीवर अडखळत होती. कधी कधी मुद्रितात एकही चूक नसते, अक्षर न् अक्षर जागेवर असतं, तरी पान परकं वाटतं. मग ध्यानात येतं, की अक्षरांचा टाइप बदललेला आहे. ताईचा तीळ जागेवर होता. कपाळावरचा लहानपणीचा व्रण जागेवर होता. फक्त ती तोंडाने श्वास घेत होती, लांब आत, लांब बाहेर, मोजूनमापून. टाकीतली हवा पुरवून वापरावी तसा.

घरी परतल्यावर तिने परदेशासाठी बांधलेल्या बॅगा उघडल्या आणि कपडे एकेक करून कपाटात परत लावले.

"हे काय, ताई?"

"मी जात नाही," ती म्हणाली. "इथंच राहणार. तुझ्याजवळ."

त्याला आनंद झाला. पुढे या सगळ्यातली सर्वांत जास्त सलणारी गोष्ट तीच ठरली. त्याने कारण विचारलं नाही, तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं नाही, न मागता मिळालेलं दान पदरात बांधून घ्यावं तसा तो आनंद बांधून घेतला. मैत्रिणींचे फोन आले की ती फोन त्याच्या हातात देई. दूधवाल्याशी आता तो बोले, शेजारणीला ताईची खुशाली तो सांगे. ती घरभर पावलांचा आवाज न करता वावरे, आणि तो छापखान्यातून परतला की दाराशी उभी असे. किती शांत झाली बाई, असं लोक कौतुकाने म्हणत. पूर्वी ती स्वयंपाकघरात भांड्यांशीसुद्धा भांडत असे. त्या कटकटीवाचून संध्याकाळ इतकी लांबते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी, उजेड अजून खिडकीत होता, तेव्हा फोन वाजला.

"ओळखलंत का? धक्क्यावरची शेवटची बोट. नंबर बुकिंगच्या वेळचा होता म्हणून केला."

"बोला."

"एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही ताईंच्या कानात काय सांगितलं होतं?"

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत नळ चालू होता.

"का?"

"पाणी संथ असलं की त्या शिडीपाशी येतात हो," बोटवाला म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, थकवा होता. "फार बोलतात. तुमची शाळा सांगतात, तुमची दुखणी सांगतात. सगळं खरंच असेल. पण मला तेवढं एक वाक्य लागतं, आणि ते जुळलं की नाही, हे तुम्हीच सांगायचं. त्याशिवाय मी वर कसं घेऊ?"

"घ्या," तो म्हणाला. "तिला वर घ्या."

"वाक्य सांगा."

"मी काही बोललोच नव्हतो."

"तुम्ही तर 'बरोबर' म्हणालात," बोटवाला म्हणाला.

"'जाऊ नकोस' म्हणायचं होतं मला. तिला सांगा. 'जाऊ नकोस' असं होतं ते."

"आता सांगून कसं चालेल?" तो हळुवारपणे म्हणाला. "ते खाली जायच्या आधी सांगायचं असतं."

मग बहुधा त्याने फोन पाण्याकडे धरला. लाकडावर लाटा आपटत होत्या, आणि त्यांच्यामधून, घाईघाईने, धाप लागलेला, ओळखीचा आवाज येत होता.

"छत्री आण म्हणालास का रे? नाही? मग दिवा घालव म्हणालास? थांब, थांब, आठवतं मला. थंडी वाजतेय म्हणालास? माझ्यावर रागावलायस म्हणालास? सांग ना रे, मौनीबाबा, परत एकदा सांग..."

नळ बंद झाला होता. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोन त्याच्या कानाला घट्ट दाबलेला होता, तिच्यापर्यंत काही पोचणं शक्य नव्हतं. तरी तिचे ओठ हलत होते. छत्री आण. दिवा घालव. थंडी वाजतेय. फोनमधल्या आवाजाच्या एक शब्द मागून, ती तेच म्हणत होती.

थोड्या वेळाने ती एका शब्दानेही मागे राहिली नाही.