काढलेली मात्रा

"मात्रा काढलीय," फोनवरची बाई धापा टाकत म्हणाली. "छपाई थांबवा, नाहीतर मुलं मरतील."

मग काहीतरी आपटलं आणि फोन बंद झाला.

इन्स्पेक्टरनं नंबर शोधायला लावला. तो एका प्रकाशनसंस्थेचा निघाला. वैद्यक, समाजशास्त्र, बालविकास, जंगलांचं संवर्धन असली जाडजूड पुस्तकं काढणारी संस्था. विद्यार्थी जी परीक्षेपुरती उघडतात आणि एरवी उशाला घेतात, ती पुस्तकं.

खाली छापखाना, वर संपादन विभाग, दोन्हींच्या मध्ये लोखंडी जिना. जिन्याच्या पायथ्याशी मुख्य संपादक बाई पडल्या होत्या. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन गेली, तरी आतली दोन्ही मशीन धडधडत होती. पायाखालची जमीन थरथरत होती. इन्स्पेक्टरला ते मुळीच आवडलं नाही.

"पाय घसरला असेल," मालक म्हणाला. तो बाईंचा धाकटा भाऊ. चेहरा पांढराफटक पडलेला. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर वडिलांचा फोटो होता. वडील छपाईचे खिळे जुळवतायत आणि शेजारी उभी राहून दोन लहान मुलं त्यांना अक्षरं काढून देतायत. "ताईला किती वेळा सांगितलं, त्या जिन्यावरून धावू नकोस."

"पोलिसांना फोन आला होता," इन्स्पेक्टर एवढंच म्हणाला.

"मग ती त्या डॉक्टरच्या मात्रेबद्दलच बोलली असणार! बालरोगांवरचं पुस्तक छापतोय आम्ही. औषधाची मात्रा चुकली तर लेकरांच्या जिवाशी खेळ. ते आत्ताच्या आत्ता थांबवतो."

थांबवलंही. एक मशीन बंद पडलं. दुसरं चालूच राहिलं.

डॉक्टर वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसला होता.

"बाईंना शेवटचं कधी भेटलात?"

"दुपारी. भांडायला आलो होतो."

"कशावरून?"

"त्यांच्याशी भांडायला कारण लागत नाही." डॉक्टर ओढूनताणून हसला.

"तुमच्या पुस्तकातली मात्रा कोणी बदलली?"

"डोस म्हणा. 'मात्रा' हा शब्द बाईंनी माझ्या पुस्तकातून हाकलून दिला. म्हणाल्या, आमच्या घरात मात्रा अक्षराच्या डोक्यावर असते, औषधाच्या बाटलीत नाही. आणि डोस एकही बदललेला नाही. इतका वेळ तेच तपासत बसलोय."

"एकटेच?"

"एकटाच."

भांडलेला, एकटा, जिन्याशेजारी. हवालदार डॉक्टरकडे असा बघत होता, की बेड्या काढायच्याच काय त्या बाकी होत्या.

इन्स्पेक्टर मात्र खाली उतरला. चालू मशीनमधून आलेला ओला कागद त्यानं उचलला.

"हे कोणतं पुस्तक?"

फोरमननं आधी मालकाकडे बघितलं. "कारखान्याशेजारच्या वस्तीतल्या मुलांचं, साहेब. समाजशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी तिथंच राहून लिहिलंय. मागच्या महिन्यात वारल्या बिचाऱ्या. उद्या हे चौकशी समितीपुढे जायचंय. वस्तीला दुसरं पाणी द्यायचं का नाही, ते यावरून ठरणार."

इन्स्पेक्टरनं वाचलं. 'या रागावर वेळीच उपचार न झाल्यास मूल दगावू शकते.'

"रागापायी माणसं दगावतात, हे आमच्या खात्याला पुस्तकात वाचावं लागत नाही," तो म्हणाला. मालक जरा जास्तच हसला.

"आणि 'निरागी मूल' म्हणजे?"

"राग नसलेलं. समाजशास्त्रवाल्यांची परिभाषा हो. आपल्याला काय कळतंय त्यातलं!"

तेवढ्यात मालकाचा फोन वाजला. तो कोपऱ्यात गेला. "हो व्याहीबुवा, ताई पडली. नाही, नाही, काम थांबलेलं नाही."

"व्याही कोण?" इन्स्पेक्टरनं हळूच विचारलं.

"होणारे व्याही," फोरमन म्हणाला. "कारखाना त्यांचाच की."

इन्स्पेक्टरनं कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. निरागी. त्यानं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला.

"मशीन बंद करा."

"साहेब, हे डॉक्टरांचं पुस्तक नाही..."

"बंद करा म्हणतो ना!"

धडधड थांबली. डॉक्टरही जिन्यावर येऊन उभा राहिला होता.

"फोन आल्यापासून मी चुकत होतो," इन्स्पेक्टर म्हणाला. "डोस कमी होतो, जास्त होतो. डोस काढतं का कोणी? काढतात ती अक्षरावरची मात्रा. फोरमन, 'रोग' लिहा आणि मात्रा काढून टाका. काय उरतं?"

फोरमननं हवेत बोट फिरवलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "राग!"

"रोग म्हटलं की कारखान्याचं पाणी तपासावं लागतं. राग म्हटलं की आईबापांना चार उपदेश करून मोकळं होता येतं. कॉम्प्युटरला सांगितलं, रोग दिसेल तिथे राग कर. त्यानं निमूट केलं. पण 'निरोगी'च्या पोटातही रोग असतो, हे सांगणारा विसरला."

"टायपिंगची चूक असेल," मालक पुटपुटला.

"मग तुम्ही ती ओळखायला हवी होती. अक्षरं वेचत लहानाचे मोठे झालात तुम्ही." इन्स्पेक्टरनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "तुम्ही 'निरागी'ला परिभाषा म्हणालात. आणि आणखी एक. फोन आला, एवढंच मी तुम्हाला सांगितलं. त्यात मात्रेची गोष्ट निघाली, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते ऐकायला बाईंच्या शेजारीच उभं असायला हवं होतं."

मालक कागदांच्या गठ्ठ्यावर मटकन बसला.

"पोराचं लग्न मोडलं असतं हो," तो म्हणाला. "मी फक्त फोन हिसकावला. ताई मागे सरली, आणि मागे जिना होता."

"आणि ती खाली पडलेली असताना तुम्ही मशीन चालू ठेवलंत."

मालक ओक्साबोक्शी रडू लागला. इन्स्पेक्टरला त्याची दया आली नाही. त्याच्या डोळ्यांसमोर वस्तीतल्या नळाखाली ओंजळ धरलेली मुलं येत होती.

हॉस्पिटलमधून फोन आला. बाई शुद्धीवर आल्या होत्या आणि कोणाचं ऐकत नव्हत्या. इन्स्पेक्टरनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"मशीन थांबलं?" आवाज खोल गेलेला, तरी करडा.

"थांबलं, बाई. तुम्हाला ढकललं कोणी?"

मालक रडायचा थांबला आणि फोनकडे बघू लागला.

"पाय घसरला म्हणून लिहा," बाई म्हणाल्या. "पण मात्रा माझ्या भावानंच काढलीय. तेही लिहा."