पहिला ब्रेक

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्या गाडीच्या मागच्या दारात डोकं घालून बसलो होतो. काच अडकली होती. हॉस्पिटलमधून तिने सांगितलं होतं, "घरी येताना मी मागे बसणार. वारा लागला पाहिजे." एरवी तिने स्टिअरिंग कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. मी पान्हा खाली ठेवला आणि फोन घेतला.

ही गोष्ट मात्र त्यानंतरच्या दसऱ्याची आहे आणि तिच्यात हसायला बरंच आहे.

सुलभा, माझी बायको, कोल्हापूरची. शर्यतीत गाडी चालवायची. मी भूगर्भशास्त्रज्ञ (जमिनीखालचे दगड आणि थर अभ्यासणारा), त्यामुळे गाडीतलं मला बेताचंच कळतं. आमची नात शर्वरी अकरा वर्षांची. तिला सगळं कळतं, असं तिचं मत आहे.

आता बहुतेक गाड्या आपल्या आपणच चालतात. माणसाने चालवायची गाडी ठेवायची असेल, तर दरवर्षी तपासणी केंद्रात ती थांबवून दाखवावी लागते. ठरलेल्या वेगात ब्रेक दाबायचा आणि पिवळ्या रेघेच्या आत थांबायचं. दोन संधी. दोन्ही हुकल्या की गाडी मोडीत.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. शर्वरीने पाटावर आजीचे शर्यतीचे ब्रेक पॅड मांडले, हळदकुंकू वाहिलं.

"आबा, आजीचे सगळ्यात भारी पॅड नुसते पाटावर ठेवायचे? गाडीला लावू की. परवा तपासणी आहे."

मला ते फार पटलं. आम्ही रोजचे पॅड काढून डिकीत टाकले आणि हे बसवले.

तपासणीला जाताना गाडी प्रत्येक वळणावर चीं चीं करत होती. केंद्रात एक रोबो होता. त्याला कोणीतरी कोल्हापुरी शिकवली होती.

"आजोबा, गाडी आणलीय का डुक्कर?" त्याने विचारलं.

शर्वरी इतकी हसली की तिला उचकी लागली.

मी गाडी पळवली, ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण पिवळी रेघ मागे राहिली होती.

शर्वरीचं हसू गेलं. "आजीचे पॅड आहेत. असं कसं होईल? कुंकवामुळे घसरली का?"

रोबोने चाकात डोकावून पाहिलं. "कुंकू पाठीमागच्या पत्र्याला लागलंय. घासणारी बाजू स्वच्छ आहे. कुंकवाला बोल लावू नको."

"मग?"

"चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. ब्रेक दाबला की दोन्हीकडून पॅड तिला धरतात. तिथे काय होतं?"

"घर्षण," शर्वरी म्हणाली. घर्षण (दोन वस्तू एकमेकींवर घासताना होणारा विरोध) तिला शाळेत झालं होतं. तिने तळहात चोळून दाखवले. "आणि हात गरम होतात."

"बरोबर. गाडीच्या वेगाची अशीच उष्णता होते. आता हे बघ." रोबोने तापमापक तबकडीकडे धरला. ती जेमतेम कोमट होती. "आजोबा, मोकळ्या पट्ट्यावर जा. वेग घ्या, ब्रेक दाबा. पुन्हा वेग घ्या, पुन्हा दाबा. मी बास म्हणेपर्यंत."

मी तसं केलं. जळक्या धातूचा वास आला. दर वेळी गाडी आधीपेक्षा लवकर थांबू लागली. शेवटच्या वेळी अशी थांबली की माझा चष्मा नाकावरून उडाला. तबकडी भाकरीच्या तव्याहून कितीतरी जास्त तापली होती.

शर्वरीने तबकडीजवळ हात नेऊन पटकन मागे घेतला. मग म्हणाली, "गार तव्यावर भाकरी भाजत नाही. हे पॅड गार असताना नीट धरतच नाहीत. शर्यतीत आजी सारखी ब्रेक मारायची, म्हणून ते कायम तापलेले असायचे."

"आणि रोजचे पॅड?" मी विचारलं.

"ते गार असताना धरतात," रोबो म्हणाला. "पण शर्यतीत इतके तापतील की धूर निघेल आणि पकड सुटेल. ज्याचं काम त्यानं करावं. शिवाय हे शर्यतीचे पॅड गार असताना तबकडी खरवडतात, धूळ उडवतात आणि ओरडतात." मग तो हळूच म्हणाला, "आत्ता पॅड तापलेत. लगेच परीक्षा दिली तर पास व्हाल. नियम आडवा येत नाही."

मी चावीला हात घातला. सुलभाची गाडी मला मोडीत जाऊ द्यायची नव्हती. शर्वरीने दार धरून ठेवलं.

"आबा, उद्या भाजी आणायला जाताना आधी दहा वेळा ब्रेक मारत जाणार का? आपल्या गल्लीत कोणी मूल आडवं आलं तर पहिलाच ब्रेक लागायला हवा. आजीने हेच सांगितलं असतं."

मी चावी काढून घेतली.

पॅड निवल्यावर आम्ही दोघांनी डिकीतले रोजचे पॅड परत बसवले. शर्वरीने हातांची काजळी नाकालाही लावून घेतली. मी हलकेच काही वेळा ब्रेक मारून पॅड जागेवर बसू दिले, मग सगळं गार होईपर्यंत केंद्राच्या पायरीवर बसून चिवडा खाल्ला. रोबोला देता येत नाही, याचं तिला वाईट वाटलं.

दुसरी संधी. वेग घेतला, ब्रेक दाबला. ना आवाज, ना धक्का. गाडी रेघेच्या अलीकडे उभी राहिली.

"पास," रोबो म्हणाला. "आणि डुक्कर गेलं वाटतं."

घरी येताना शर्वरी मागे बसली होती, मांडीवर आजीचे शर्यतीचे पॅड घेऊन. मोठी झाल्यावर ती असा पॅड बनवणार आहे, जो गार असताना भाजीबाजारात आणि तापल्यावर शर्यतीत सारखाच धरेल. कोणती पूड किती मिसळायची, याचा तिने रस्त्यातच विचार सुरू केला. दगडांची पूड चालेल का, हे तिने मला विचारलं. या विषयातलं मला कळतं, म्हणून मी घर येईपर्यंत बोलत होतो. इतकं मी बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.

उतरताना ती म्हणाली, "आबा, मागे वारा येत नाही."

मागच्या दाराची काच अजून अडकलेलीच आहे. ती दुरुस्त करायची राहिली आहे.