कप्तानांचं नारिंगी तिकीट

दाराची घंटा वाजली तेव्हा भाऊजी शिडीवर उभे राहून खिडकीला दिव्यांची माळ लावत होते आणि वहिनी खालून ती कशी तिरकी गेली आहे ते सांगत होत्या.

"थांबा, मी उघडतो," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही आधी धड खाली उतरा. मी उघडते."

दारात एक तरुण बाई उभी होती. नखांच्या कडांना निळा रंग, कोटाच्या बाहीवर पांढरा ठिपका. ती आत आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "मी चोर नाही. एवढंच नाताळच्या आधी मला कुणीतरी सिद्ध करून द्या."

वहिनी खासगी तपासाची कामं करत. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली होती. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते प्रत्येक तपासात बरोबर असत आणि प्रत्येक वेळी चुकीच्या माणसावर संशय घेत. भाऊजींचं ऐकून ऐकून आता सगळेच वहिनींना वहिनी म्हणत.

"कुणी म्हटलं तुम्हाला चोर?" वहिनींनी विचारलं.

"सासऱ्यांनी. त्यांना सगळे कप्तान म्हणतात."

"बोटीवर होते?"

"छे हो, औषधांचं दुकान होतं त्यांचं. जन्मात बोटीत पाय ठेवलेला नाही. पण बोटींची पोस्टकार्डं आणि तिकिटं जमवण्यात सगळा जन्म गेला, म्हणून कप्तान."

संग्रहात त्यांनी जिवापाड जपलेलं एक कार्ड होतं. सासूबाईंनी लग्नाआधी एका बंदरावरून त्यांना पाठवलेलं. सासूबाई आता नाहीत. त्या कार्डावर दीपस्तंभाचं नारिंगी तिकीट होतं. ते नारिंगी रंगात थोडेच दिवस छापलं गेलं. पुढे तेच चित्र तपकिरी रंगात निघालं. तपकिरी तिकीट कुठेही मूठभर मिळतं, नारिंगी शोधून सापडत नाही. संग्राहकांच्या क्लबाचं नाताळचं प्रदर्शन जवळ आलं, म्हणून कप्तानांनी कपाट उघडलं. पाहतात तर कार्ड जागेवर, पण त्यावरचं तिकीट तपकिरी.

"किल्ली कुणाकडे असते?"

"त्यांच्या गळ्यात. अंघोळीच्या वेळी मात्र खुंटीला."

"मग संशय एकट्या तुमच्यावरच का?"

तिने आपली बोटं पुढे केली. "तिकिटावर टपालाचा शिक्का आहे. दुसरं तिकीट चिकटवायचं तर त्यावर शिक्का हाताने रेखाटायला हवा. मी भेटकार्डं रंगवून विकते. घरात ब्रश धरता येणारी मी एकटीच. नाताळच्या आधी आमच्या खोल्या रिकाम्या करा म्हणाले. नवरा म्हणतो, चल, जाऊ. तो येईल हो माझ्याबरोबर. पण म्हाताऱ्या बापाला सोडून आलो म्हणून आयुष्यभर स्वतःला खात राहील. आणि मी? मी चोर ती चोरच."

"सरळ आहे," भाऊजी शिडी मिटत म्हणाले. "तिकिटांचा दुकानदार. नेहमी दुकानदारच असतो."

"मागच्या वेळी नेहमी भाचाच असतो म्हणाला होतात," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी भिंग पिशवीत टाकलं.

कप्तानांच्या घरी त्यांच्या विधवा बहिणीने दार उघडलं. घरात तिला सगळे आत्या म्हणत. तिच्या हातात कात्री होती, दंडाला चिकटपट्टीचे तुकडे लावलेले होते आणि टेबलावर भेटवस्तूंचा ढीग होता.

"या, या. दादा खोलीत फुरंगटून बसलाय. जपून बोला, चावतो."

कप्तान खिडकीशी बसले होते. पाठ ताठ, मिशा पांढऱ्या, गळ्यात दोरीला किल्ली.

"सुनेने पाठवलं ना तुम्हाला? बघा, बघा. मला लपवायचं काही नाही."

त्यांनी कपाटाला किल्ली लावली आणि दार जोराने ओढलं. डब्याचं घट्ट झाकण निघावं तसा आवाज झाला. दाराच्या कडेने काळ्या रबराची पट्टी होती. आत फळ्यांवर जाड रबरी चादर अंथरलेली होती.

"हे नवीन दिसतंय," वहिनी म्हणाल्या.

"उन्हाळ्यात मी स्वतः बसवलं. पूर्वी दाराला बोटभर फट होती. ओल शिरायची आत. आता वाऱ्याची झुळूकसुद्धा शिरून दाखवू दे."

भाऊजींना सटकन शिंक आली. "सायकलच्या दुकानात आल्यासारखं वाटतंय," ते नाक पुसत म्हणाले. मग त्यांनी फळीवरची एक काळी चकती उचलली. "हे काय, लोखंडी झाकण?"

"पदक आहे ते! चांदीचं! प्रदर्शनात पहिला आलो होतो मी." कप्तानांनी पदक हिसकावून घेतलं, बाहीवर घासलं, पाहिलं आणि पुन्हा घासलं.

वहिनींनी अल्बम टेबलावर घेतला. प्रत्येक कार्ड चार कागदी कोपऱ्यांत अडकवलेलं होतं. सासूबाईंच्या कार्डावरचं तिकीट अगदी वरच्या कडेला होतं, इतकं की त्याचं टोक उजव्या कागदी कोपऱ्याखाली गेलं होतं. तपकिरी दीपस्तंभ, त्याच्या शेजारी निळ्या शाईतला पत्ता. शाईचं एकही अक्षर फुटलेलं नव्हतं.

टपालाचा गोल शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कार्डावर उमटला होता. वहिनी त्यावर भिंग धरून बराच वेळ वाकून राहिल्या. शिक्का मारणाऱ्याच्या ठशाला बहुधा चरा पडला असावा. एक केसासारखी पांढरी रेघ तिकिटावरून निघून सरळ कार्डावर गेली होती.

"हे कार्ड तुम्ही कोपऱ्यांतून बाहेर काढलंत?"

"त्या नकली वस्तूला मी हात लावणार नाही. पाहिलं आणि अल्बम मिटला."

"आणि हे कोपरे?"

"माझ्या हातचे आहेत. जसेच्या तसे."

वहिनींनी पान उलटलं. पुढचं कार्ड नाताळचं होतं. बर्फातली झोपडी आणि वर मोठा तारा.

"या ताऱ्यावर चहा सांडला वाटतं," भाऊजी म्हणाले.

"माझ्या संग्रहावर चहा?" कप्तान खेकसले. "जुनं झालं की रंग उतरतो. माणसांचा उतरतो, कार्डांचा नाही का उतरणार?"

"गेल्या नाताळात तर पिवळाधमक होता," आत्या दारातून म्हणाली. "शेजारच्या पोरांना दाखवायला तूच काढला होतास की."

"तू तुझं काम कर."

"करतेच आहे. या घरात दुसरं कोण करतं?"

वहिनी आत्यामागोमाग बाहेर आल्या. "तुमचा संशय कुणावर?"

"कुणावरच नाही." आत्याने कागदाची घडी नखाने दाबली. "खरं सांगू? मला ते कार्ड कधी आवडलं नाही. दादा त्या कार्डाशी बोलतो, जिवंत माणसांवर ओरडतो. पण मी चोरलं असतं ना, तर अख्खं कार्ड चोरलं असतं. नुसतं तिकीट घेऊन काय कपाळाला लावू?"

तिकिटांच्या दुकानात नाताळची गर्दी होती. कुणाला नातवासाठी अल्बम हवा होता, कुणाला फुलपाखरांची पाकिटं. दुकानदार एका हाताने सुटे पैसे देत होता आणि दुसऱ्या हाताने चिमटा शोधत होता.

"कप्तानांचं कार्ड? दर वर्षी मागतो मी, दर वर्षी ते मला हाकलून देतात. तीही एक प्रथाच झालीय आता."

"नारिंगी दीपस्तंभ तुमच्याकडे नाही?"

"आहे की." त्याने कागदी तबक पुढे सरकवलं. तिकीट पिकलेल्या संत्र्यासारखं ताजं होतं. "वडिलांच्या वेळचं आहे. याच तबकात असतं, उघड्यावर."

"मग त्यांचं कशाला हवं?" भाऊजींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. खुनी माणसाकडे पाहावं तसं.

"अहो, सुटं तिकीट वेगळं आणि कार्डावर शिक्क्यासकट असलेलं वेगळं. कार्डावरून सोडवलं की निम्मी किंमत गेली. शिवाय सोडवायचं म्हणजे पाण्यात भिजवायचं. शेजारची शाई पसरते, कार्डाचा लगदा होतो. ज्याने कुणी सोडवलं असेल, तो आमच्यातला तर नाहीच, पण शहाणाही नाही."

परत येताना वहिनी औषधांच्या दुकानात शिरल्या आणि एक छोटी बाटली घेऊन बाहेर आल्या.

"दुकानदाराने स्वतःच स्वतःला सोडवून घेतलं म्हणायचं," भाऊजी हिरमुसून म्हणाले. "मग आत्या?"

"भाऊजी, तुम्ही आज तीन फार महत्त्वाच्या गोष्टी बोललात."

"मी?" भाऊजी थबकले. "कोणत्या?"

"सायकलचं दुकान, लोखंडी झाकण आणि चहा."

भाऊजींनी वाटभर त्या तिन्ही गोष्टी एकमेकींना जोडून पाहिल्या. काही जुळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कप्तानांच्या खोलीत जमले. खोलीबाहेरच्या बोळात दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. सून दाराशी कोट घालूनच उभी होती. तिचा नवरा कधी बायकोकडे, कधी बापाकडे पाहत होता.

"कप्तान, तिकीट कुणीही बदललेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे मी आंधळा?"

"नाही. रंग बदललाय, तिकीट तेच आहे. हे भिंग घ्या. शिक्क्यावरची ती पांढरी रेघ दिसते? तिकिटावरून कार्डावर जाते, कुठे तुटत नाही. ठशाला चरा होता, त्याची ती खूण आहे."

"चांगला हात असेल तर तीही काढता येते."

"काळी रेघ काढता येते. ही शाई न लागलेली जागा आहे. तरी काढली असं धरू. मग जुनं तिकीट सुटलं कसं? ते सोडवायला पाणी लागतं. शेजारी तुमच्या पत्नीच्या हातची शाई आहे आणि तिचं एक अक्षर पसरलेलं नाही. बरं, तिकीट चोरलं, तर चोराने नाताळच्या कार्डावरचा ताराही तपकिरी कशाला करावा? तुमचं पदक काळं कशाला करावं?"

कप्तानांनी काळ्या पदकाकडे पाहिलं.

"तिन्ही वस्तू एकाच कपाटात. तिन्ही बिघडल्या त्या गेल्या नाताळानंतर. आणि मधे कपाटात नवीन काय आलं? रबर. रबर पक्कं करायला त्यात गंधक घालतात. ते हळूहळू वायूच्या रूपाने सुटत राहतं. चांदीला ते काळं करतं, हे आपण सगळे जाणतो. जुन्या नारिंगी आणि पिवळ्या छपाईच्या शाईत शिसं असतं. शिशाला गंधक भेटलं की गडद तपकिरी. पूर्वी दाराला फट होती. काही सुटलंच तर निघून गेलं असतं. तुम्ही ती फट बुजवलीत. दुकानदाराचं तिकीट उघड्या कागदी तबकात आहे, ते अजून ताजं आहे."

"म्हणजे," भाऊजी सावकाश म्हणाले, "कप्तानांनी ओल बाहेर ठेवली आणि चोराला आत कोंडलं."

"हे झालं माझं म्हणणं," वहिनी म्हणाल्या. "आता मला खोटं पाडायची संधी देते. तिकिटाचं टोक त्या कागदी कोपऱ्याखाली झाकलेलं आहे. तिकीट बदललेलं असेल, तर तेही तपकिरी असेल. माझं खरं असेल, तर तिथे वायू फारसा पोचला नसेल. मी अजून खाली पाहिलेलं नाही. तुम्हीच पाहा."

कप्तानांनी चिमटा घेतला. कोपरा एका बाजूने सैल केला, उचलला.

खाली नखाएवढा त्रिकोण होता. नारिंगी.

मग आत्याच बोलली. "जन्मभर औषधं विकलीस, दादा. आणि दोष दिलास पोरीला."

वहिनींनी बाटली टेबलावर ठेवली. कप्तानांनी लेबल वाचलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमा धुवायला रोज देत होतो मी हे."

"त्याने तपकिरी थर पांढरा होतो आणि मूळ रंग वर येतो. नीट लावलं तर." वहिनींनी काडीच्या टोकाने नाताळच्या ताऱ्यावर एक थेंब टेकवला. सगळे वाकले. चहाच्या डागात हळूहळू एक पिवळा ठिपका उमलला.

"अगं बाई!" आत्या म्हणाली.

कप्तान मात्र दाराकडे वळले होते. "सूनबाई, माझं चुकलं."

"तुम्ही मला आत्यांसमोर चोर म्हणालात, बाबा. तुमच्या मुलासमोर म्हणालात."

"क्लबातही म्हणालो," कप्तान म्हणाले. हे तिला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा उतरला. ते घाईने पुढे म्हणाले, "प्रदर्शनात सगळ्यांसमोर सांगेन, चूक माझी होती. हळू आवाजात नाही. हे कार्ड मांडेन आणि शेजारी उभा राहून सांगेन."

"आणि कुणी हसलं तर?"

"हसू देत. हसण्यासारखंच आहे."

त्यांनी कार्ड कोपऱ्यांतून अलगद सोडवलं आणि दोन्ही हातांवर धरून तिच्यासमोर नेलं. "तिकिटाला औषध लावायचं आहे. शेजारच्या अक्षरांना थेंबही लागता कामा नये. माझ्याच्याने ते होणार नाही. तू करशील?"

"बिघडलं तर?"

"तर बिघडलं. तुला काही म्हणणार नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, वहिनींकडेही नाही. कोट काढला, खुर्चीवर टाकला. "माझा सर्वांत बारीक ब्रश बॅगेत आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "मोठ्या बॅगेत, तळाशी. सगळं काढावं लागेल."

"काढतो," तो म्हणाला आणि जवळजवळ धावतच बोळात गेला.

ती खिडकीपाशी बसली. कप्तान तिच्या खांद्यावरून वाकले.

"बाबा, उजेड अडवताय."

कप्तान मुकाट्याने बाजूला झाले. ब्रशचं टोक दीपस्तंभाच्या माथ्याला लागलं, आणि तिथून नारिंगी रंग खाली उतरू लागला.