अर्धी बंदिश

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती कवळ्या बनवायची. गुलाबी हिरड्या घासता घासता गुणगुणायची सवय जुनीच. परदेशात येऊन बरीच वर्षं झाली, तरी तोंडात बंदिश एकच, आणि तीही अर्धी. आजीने रचलेली, आईशिवाय कुणालाच येत नव्हती. आईने स्थायी शिकवली, पण अंतरा मागितला की म्हणायची, "आधी हे गळ्यात बसू दे. अंतरा कुठे पळून चाललाय?" पुढे शिकवणी फोनवरून चालली, आणि एक दिवस आईच गेली. अंतराही गेला. ती हळहळ काही केल्या मनातून जात नव्हती.

एका दुपारी भिंतीपलीकडून तिच्या गुणगुणण्याला कुणीतरी साथ दिली. डॉक्टरीणबाई! जेवणाच्या सुट्टीत त्या चेलो वाजवायच्या, गुडघ्यांत धरायचं ते थोराड व्हायोलिन. पण आज त्यांचे खालचे सूर तिच्या ओळीखालून आपली वेगळीच वाट काढत होते. 'ही कसली भेसळ!' तिने नाक मुरडलं. मग ते सूर फिरून तिच्या षड्जावर येऊन टेकले, आणि हातातली कवळी हातातच राहिली. या देशात आपण एकट्याच गात नाही, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"शनिवारी दवाखाना बंद झाला की बसू या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

घरी हे ऐकून तिचा नवरा हसला. "म्हणजे आता भुलीच्या इंजेक्शनचा खर्च वाचला!"

शनिवारी दुपारी पेशंटच्या खुर्च्या सरकवून दोघी बसल्या. फोनवर रेकॉर्डिंग केलं. ऐकताना डॉक्टरीणबाई थबकल्या. "हे टक् टक् काय वाजतंय?"

समेच्या किंचित आधी, दोन बारीक ठोके. धातूचे. डॉक्टरीणबाईंनी चेलोच्या खुंट्या तपासल्या, पडद्याची दोरी बांधली, नळ घट्ट पिळला. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

ते ठोके तिच्या ओळखीचे होते. आई शिकवताना तंबोऱ्याच्या भोपळ्यावर अंगठी वाजवायची. एक ठोका म्हणजे पुढे चल. दोन म्हणजे चुकलं, पुन्हा.

घरी येऊन तिने वहिनीला फोन लावला. "वहिनी, आईची अंगठी कुठेय गं?"

"माझ्या कपाटात. पाठवू का तुला?"

"नको, नको. सहज विचारलं."

खरं तर घाबरायला हवं होतं. पण तिला वेडी आशाच लागली. शिकवणी संपलेली नाही, अंतरा अजून मिळेल! ती शनिवारची वाट पाहायला लागली.

सम जवळ आली की ती घाई करायची. आईची फोनवरची कुरकुर हीच होती. आता डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या, "अहो, जरा थांबा. माझा गज तर पोचू दे."

ती थांबली. चेलोचा लांबलचक सूर संथपणे खाली आला. त्याच्याबरोबर तीही उतरली.

टक्.

एकच. आणि या वेळी रेकॉर्डिंगमध्ये नव्हे, खोलीतच.

डॉक्टरीणबाई डोळे मिटून वाजवतच होत्या.

तिने तोंड उघडलं. अंतरा आला. शब्दांसकट, अख्खा.

"किती सुंदर! हे आधी का नाही गायलात?"

"येत नव्हतं," ती म्हणाली.

त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये ठोके आले नाहीत. घरी ती एकदा पोटभर रडली. 'सुटलीस गं आई,' असं मोठ्याने म्हणालीसुद्धा. जीव कसा हलका झाला होता.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात टेबलाशी भाजी निवडत होती. एरवी तिचं गाणं सुरू झालं की कानात बोटं घालणारी तिची लेक समोर चहा पीत बसली होती, आणि चक्क तीच स्थायी गुणगुणत होती. सूर बरा होता. समेपाशी मात्र घाई झाली.

टक् टक्.

लेक थांबली. "आई, काय वाजलं गं?"

"चुकलं. पुन्हा म्हण."

लेकीने पुन्हा म्हटलं. "अंतरापण शिकवशील ना?"

"आधी हे गळ्यात बसू दे. अंतरा कुठे पळून चाललाय?"

बोलून झालं आणि तिचं लक्ष टेबलावरच्या स्वतःच्या हाताकडे गेलं. एक बोट अजून उचललेलंच होतं. कवळ्यांच्या कामात अडचण नको म्हणून तिने कधीच अंगठी घातली नव्हती.

बोट खाली आलं. टक् टक्.