टाक्यावर कुणीच येईना

"आज खालून बघत बसायचं नाही," डेल्फिना म्हणाली. "मेंढ्या ज्या वाटेनं उतरतात, तिथं वर जायचं."

तिच्या मित्रानं, वेडनं, टॉर्टियाचा घास तोंडात तसाच ठेवून डोंगराकडे पाहिलं. सकाळीच कडे उन्हानं पांढरे पडले होते. "मी मेलो तर माझी सायकल नँडोला द्या."

"नको, ती पंक्चर आहे," नँडो म्हणाला. तो डेल्फिनाचा धाकटा भाऊ. वेडची आई तंबूतळाची देखभाल करायची, म्हणून वेड सुट्टीभर या उद्यानातच असायचा.

ही दोघं भावंडं दर जूनमध्ये आईबाबांबरोबर इथं तंबू ठोकायला यायची. यंदा आई नव्हती. ती थंडीत आजारानं गेली. तरी बाबांनी सवयीनं चौथी खुर्ची उघडली, आणि मग ती मिटायचा धीर त्यांना होईना.

डोंगरात एक शिंग मोडलेली रानमेंढी होती. ती पाण्यावर आली की आई म्हणायची, "आल्या आमच्या बाईसाहेब." यंदा निदान ती तरी दिसावी, एवढंच डेल्फिनाला हवं होतं. पण दोन दिवस झाले, कातळातल्या टाक्याकडे एकही जनावर फिरकलं नव्हतं. पाणी काठोकाठ होतं आणि भोवतालच्या वाळूत एक खूर उमटलेला नव्हता. पावसाला अजून अवकाश होता आणि त्या डोंगरात दुसरं पाणी नव्हतं. तिनं बाबांना विचारलं, तर ते नुसतं "नसतील येत" म्हणाले.

वरच्या वाटेवर मात्र ताज्या लेंड्या होत्या. खुरांचे ठसे एका मोठ्या दगडापर्यंत उतरले होते आणि तिथूनच मागे वळले होते. माती पार तुडवली गेली होती.

"इथपर्यंत येतात आणि परत जातात," वेड म्हणाला. "का पण?"

डेल्फिना त्या ठशांवर पालथी पडली आणि मेंढीच्या नजरेनं खाली बघू लागली. टाक्याशेजारी मातकट कापड ताणलेलं होतं. खालून ते कातळासारखंच दिसायचं. वरून मात्र मागचं सगळं उघडं होतं. दोन माणसं, दोन खुर्च्या, बर्फाची पेटी आणि हातभर लांबीचे कॅमेरे. मेंढ्या येण्याची वाट बघत ती दोघं पाण्यालाच चिकटून बसली होती!

पाण्याजवळ मुक्काम करायचा नाही, हे तिथली पोरं बुटाची नाडी बांधता येण्याआधी शिकतात. माणूस बसला की जनावर तहानेनं मरतं, पण खाली उतरत नाही.

"ताई," नँडोनं दगडामागून हाक मारली, "ही झोपलीय का गं?"

ती झोपलेली नव्हती. एक शिंग मोडलेलं होतं. तिच्या पोटाला टेकून एक कोकरू उभं होतं. मुलांना पाहून ते लटपटत चढणीकडे गेलं.

वेडनं धोंडा उचलला. डेल्फिनानं त्याचा हात धरला.

"भांडायला गेलो तर ते वाद घालत बसतील. कोकराला तेवढा वेळ नाही." मग तिला कचेरीतला मेंढा आठवला. "त्यांना सांग, रेंजरच्या कचेरीपाशी हा एवढा मोठा मेंढा आहे. जागचा हलत नाहीये, म्हणावं."

"खोटं काहीच नाही त्यात," वेड म्हणाला आणि घसरत खाली पळाला.

माणसं कॅमेरे घेऊन धावली. कचेरीत काचेच्या कपाटात पेंढा भरलेला मेंढा होता, आणि शेजारी रेंजर योलांडाबाई. डेल्फिनानं थेट तिकडे पिटाळलेल्या नँडोनं आधीच पोचून त्यांना सगळं सांगितलं होतं. आम्ही तंबू ठोकला नव्हता, नुसतं कापड लावलं होतं, असं ती माणसं सांगू लागली. बाईंनी ऐकून घेतलं, कापड काढायला लावलं आणि दोघांना उद्यानाबाहेर घालवलं.

संध्याकाळी मुलं लांब मेस्किटच्या झुडपाआड बसली. बाबाही येऊन बसले. ऊन कलल्यावर मेंढ्या उतरल्या. सगळ्यांत शेवटी, एकटंच, ते कोकरू आलं. बराच वेळ त्यानं पाण्यातून तोंड काढलं नाही.

तंबूतळावर योलांडाबाईंनी तिघांशी हात मिळवला. "तुम्ही नसता तर सगळा कळप गेला असता. मोठ्या माणसांना जमलं नाही ते केलंत." वेडच्या आईनं पीच भरलेली पेस्ट्री आणली. वेडनं दोन तुकडे खाल्ले. डेल्फिनानं ताटली तशीच ठेवली.

सगळे गेल्यावर ती बाबांना म्हणाली, "मी दोन दिवस आधी वर गेले असते, तर बाईसाहेब वाचल्या असत्या?"

बाबा खोटं बोलू शकले असते. "हो," ते म्हणाले. "मीही रोज तेच म्हणतो. जरा आधी दवाखान्यात नेलं असतं तुझ्या आईला, तर."

त्यांनी चौथी खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती त्या खुर्चीत बसली नाही. खाली वाळूत, खुर्चीला टेकून बसली.