सीट पुढेमागे होत नाही

माझा नवरा उंच. म्हणजे त्याच्या पँटसाठी कापड घ्यायला गेलं की दुकानदार आधी मान वर करून त्याच्याकडे बघतो आणि मग मला म्हणतो, "ताई, जरा जास्तच न्या." आम्ही शाळेत एकाच वर्गात होतो, तेव्हापासूनचं अरे-तुरे अजून चालू आहे. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं, म्हणून तो मला "मास्तर" म्हणतो आणि मी त्याला "खांब". त्याचं माप मला तोंडपाठ. त्याला कधी टेप लावायची वेळच आली नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडं खेळवतात. आमच्या खांबानं जुनी स्पोर्ट्स कार आणली. हिरवी, दोन सीटांची, लांब नाकाची आणि इतकी बुटकी की शेजारच्या काकूंनी विचारलं, "उरलेली कधी येणार?" मला राग आला होता, पण त्याच्या तोंडावरचा आनंद बघून गिळला. तरुणपणी या गाडीचं चित्र पाकिटात घालून हिंडणारा माणूस तो.

पहिल्यांदा आत बसला तो सोहळा मी दारातून पाहिला. आधी बूड टेकवायचं, मग एकेक पाय उचलून आत सारायचा. पाय खाली सोडता येत नाहीत, जवळजवळ सरळ पुढे बॉनेटच्या पोटात जातात. याचे गुडघे स्टीअरिंगला अडले आणि डोकं कापडी छपराला टेकलं. पेडलं एकमेकांना इतकी खेटून की ब्रेकवर पाय ठेवला तर ॲक्सिलरेटरही दाबला जाई.

"सीट मागे घे की," मी म्हटलं.

"होत नाही ती पुढेमागे," मेकॅनिक म्हणाला. गाडी त्याच्याच गॅरेजातून घेतली होती. "आधीच्या मालकानं सरकायची पट्टी काढून सीट तळाला बोल्टनं आवळून टाकलीय. स्वतःच्या बेतानं. नवीन भोकं पाडून देऊ का?"

"हात लावायचा नाही!" नवरा आतून ओरडला. "जुनी गाडी असते तशीच ठेवायची. आपण तिच्याप्रमाणे बसायचं."

जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा हा नेम असतो म्हणे. आमच्या धंद्यात उलटं, कपडा माणसाला बसवायचा. "बस मग गुडघे कानाला लावून," मी म्हटलं आणि आत गेले.

आधीचा मालक कोण, ते मेकॅनिकलाही धड माहीत नव्हतं. वारला, एवढंच. पण जुना कोट हातात आला की तो घालणारा कसा होता ते मला कळतं, तशीच ती सीट मला कळली. डावी बाजू दबलेली, म्हणजे डावीकडे कलून बसणारा. सीट पुढे पण पाठ मागे रेललेली, म्हणजे पाय आखूड आणि हात लांब. ध्यानच असणार, असं मनाशी म्हणून मी हसलेसुद्धा.

रोज सकाळी नाश्त्याआधी तो तळ्याकाठच्या रस्त्यानं फेरी मारू लागला. सुरुवातीला कंबर धरून परत यायचा. मी शेकही द्यायची आणि टोमणेही. पुढे दुखणं कमी झालं. "जमतंय गं मास्तर," तो म्हणाला, "अंग सैल सोडलं की ती आपल्याला बरोबर बसवून घेते." गुडघे अडेनासे झाले. डोकं छपराला टेकेना. सवयीनं काय होत नाही, असं म्हणून मी कामाला लागले.

मग एकदा जिना उतरताना पँटच्या पायात पाय अडकून तो धडपडला.

"धुवून कापड आटतं ते माहीत होतं," मी म्हटलं, "वाढलेलं पहिल्यांदाच बघतेय." दुसरी पँट दिली. तीही जमिनीवर लोळत होती. शर्टाच्या बाह्या मात्र मनगटाच्या वर चढल्या होत्या, आणि डावा खांदा उतरला होता. मी टेप लावली. पुन्हा लावली. मग टेपच खोटी असेल म्हणून नवी काढली.

डॉक्टर म्हणाले, वयानं मणका दबतो, उंची कमी होते. "मणका दबेल हो," मी म्हटलं, "पण पाय? आणि हात कधी वाढतात का या वयात?" टेप जरा नीट धरत चला, असं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन मी रडले. मला माझा माणूस होता तसा हवा होता, त्याच्या त्या ताडमाड उंचीसकट. शेवटी मेकॅनिकला बोलावलं, नवऱ्याला माझी शपथ घातली आणि सीट मागे घ्यायला लावली.

मेकॅनिकनं भोकं पाडली, बोल्ट आवळले. "बसा आता साहेब, ऐसपैस."

नवरा बसला. पाय लांब केले. आणखी लांब केले. बूड पुढे सरकवलं.

त्याचा पाय क्लचपर्यंत पोचत नव्हता.

मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं.

"होती तिथे घ्या परत," नवरा म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण त्यात मस्करीचा मागमूस नव्हता.

मी किल्ली काढून घेतली, गाडीवर ताडपत्री टाकली. गाडी सुटली की अंग येईल जागेवर, असं मला वाटलं. तो भांडला नाही. पण जेवायच्या खुर्चीवर पाय सरळ पुढे करून, डावीकडे कलून बसायचा, हात ताटाच्या दोन्ही बाजूंना धरलेले. "असं काय बसतोस रे?" विचारलं तर म्हणे, "बरं वाटतं." मी "खांब" म्हटलं तरी हसेना.

जिन्यात तो पुन्हा पडला. या वेळी कपाळ फुटलं. पँटचे ते लोळणारे पाय एक दिवस त्याचा घात करणार! दुमडून शिवले तर जाड दुमड टाचेखाली येते. मी सरळ कात्री घेतली आणि दुपारभर बसून त्याच्या सगळ्या पँटी नव्या मापाला कापल्या. बाह्यांना पट्ट्या जोडल्या. डावा खांदा उतरवून घेतला. काम फार छान झालं.

सकाळी जिना उतरल्याचा आवाज आला. नीट, न अडखळता. मला हायसं वाटलं.

मागचं दार वाजलं.

थोड्या वेळानं तो फाटकातून पुढच्या दारी आला. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. त्यांच्या शेजारी जाऊन तो बसला. त्यांची कामं होईपर्यंत थांबला.

ती गेल्यावर उभा राहिला. कपड्यांवर कुठे एक सुरकुती नव्हती.

"फार छान बसलं, बाई," तो म्हणाला. "इतकं नेमकं मला आजवर कुणी शिवून दिलं नव्हतं. माझी गाडी तुमच्या अंगणात आहे. तेवढी किल्ली देता?"

"अरे, सकाळी सकाळी कसली ही थट्टा?" मी म्हटलं.

तो जरा ओशाळला. मग मी कुणाशी बोलतेय ते पाहायला त्यानं मागे वळून बघितलं.