चौसष्टावी पट्टी

हे खरं आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे एक वही आहे, पण ती मी कुणाला दाखवणार नाही. तेव्हा विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. भर दुपार होती, सव्वातीनची. दुसऱ्या मजल्यावरची मावशीची खोली आणि खिडकीतून पियानोवर पडलेलं ऊन.

मावशीला जाऊन सोळा दिवस झाले होते.

माझी मावशी पियानो वाजवायची. घरी पाहुण्यांसमोर नव्हे, मोठ्या सभागृहात, तिकीट लावून. आमच्या शहरात असं वाजवणारी ती पहिली बाई, आणि स्वतःच्या रचना वाजवणारीही पहिलीच. तिच्या पहिल्या कार्यक्रमाला बायकांसाठी कपडे बदलायला खोली नव्हती. मोडक्या खुर्च्यांच्या अडगळीत कपडे बदलून ती रंगमंचावर गेली. कार्यक्रम संपल्यावर व्यवस्थापकाने विचारलं, रचना छान होत्या, पण लिहून कुणी दिल्या? मावशी म्हणाली, शेजाऱ्यांनी. तो बिचारा शेजाऱ्यांचं नाव लिहून घ्यायला कागद शोधत होता.

मी तिची भाची, आणि तिचा पियानो सुरात लावणारी. हे काम मला तिनेच शिकायला लावलं. तारा पिळायची किल्ली कायम माझ्या हातात असायची, म्हणून ती मला 'किल्ली'च म्हणायची.

आमची एक पद्धत होती. पियानोवर एक वही ठेवलेली असे. कुठली पट्टी त्रास देते ते मावशी त्यात पेन्सिलने लिहायची, डावीकडून मोजलेल्या आकड्यासकट. 'सतरा, कुरकुरते.' 'चाळीस, सर्दी झालीय.' मी दुरुस्ती केली की पुढे बरोबरची खूण करायचे. मग ती वाजवून बघायची आणि पटलं तर माझ्या खुणेशेजारी स्वतःची खूण करायची. दोन खुणा झाल्याशिवाय काम संपलं असं आम्ही धरत नव्हतो.

आता माझी चूक सांगते. अकरा वर्षांत हे कुणालाच सांगितलेलं नाही.

पियानोच्या वरच्या सुरांना प्रत्येकी तीन तारा असतात. एक तार लावताना शेजारच्या गप्प ठेवायला मध्ये फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, छोटी पाचर खोचतात. काम झालं की पाचरी काढायच्या, मोजायच्या आणि डब्यात टाकायच्या. पहिल्या दिवशी शिकवतात ते हे.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी मावशी नवी रचना पहिल्यांदा वाजवणार होती. सहा वर्षं ती लिहीत होती. अख्खी रचना एकाच सुराकडे चढत जाते, चौसष्टाव्या पट्टीकडे. तोवर ती पट्टी एकदाही वाजत नाही.

दुपारी मी सभागृहातला पियानो लावला. तेवढ्यात कुणीतरी चहा आणला, गप्पा रंगल्या...

मी पाचरी मोजल्या नाहीत.

मावशी चढत चढत त्या सुरापाशी आली. पट्टी दाबली. सूर आला, पण बारीक, पोकळ, दुरून आल्यासारखा. लोकांच्या ते लक्षातही आलं नाही. तिने पट्टी पुन्हा दाबली.

मग दोन्ही हात मांडीवर ठेवले.

ती उठली, वाकून नमस्कार केला आणि आत गेली. रचना अर्धीच राहिली.

आमच्या आजीचे कान साठीत गेले होते. आधी वरचे सूर गेले, मग माणसांचे आवाज. मावशीला आयुष्यभर तेवढी एकच धास्ती होती. आत तिने माझा हात धरला.

"किल्ली, माझे कान गेले गं."

मी धावत रंगमंचावर गेले. चौसष्टच्या तारांमध्ये माझी पाचर होती, निळ्या शाईचा ठिपका असलेली. मी ती उपटली आणि खिशात घातली.

आणि गप्प बसले.

आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा गेला. मग इतके दिवस का नाही सांगितलंस, या प्रश्नाची भीती वाटायला लागली. घरी एकदा तिने चौसष्ट दाबून पाहिली. खणखणीत वाजली. मी म्हटलं, बघ, येतंय की ऐकू! ती म्हणाली, "तो सूर मला पाठ आहे. मी आठवण ऐकतेय." त्यानंतर तिने झाकण लावलं ते कायमचं. डॉक्टरांकडे यायलाही ती कधी तयार झाली नाही. पण स्वयंपाकघरात दूध उतू जायला लागलं की दुसऱ्या खोलीतून आवाज तिलाच आधी यायचा. ती लगबगीने उठायची आणि मी मान खाली घालायचे. सगळं बोलायला एक मिनिट पुरलं असतं. मग ती गेली.

मामाने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, पियानो संगीतशाळेला द्यायचं ठरवलं. परवा सकाळी गाडी येईल, तोवर लावून ठेव म्हणाला.

मी लावला. पाचरी तीनदा मोजल्या. जुनी वही चाळली. शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची होती, पुढची पानं कोरी. मग झाकण लावून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

सव्वातीन वाजले होते.

आणि...

पियानो वाजायला लागला.

तीच रचना. तोच सावकाश चढ. माझ्या हातातला पेला तसाच राहिला. सूर वर वर गेले, शेवटची पायरी आली...

बारीक. पोकळ. दूरचा.

पुन्हा एकदा तोच.

मग काहीच नाही.

मी खोलीत गेले. झाकण बंद होतं. तेवढ्यात रिकामी खोकी घेऊन मामा जिना चढून आला. मामाला पियानो आणि पत्र्याचा डबा यांतला फरक कळत नाही. तो म्हणाला, "छान वाजवत होतीस. तो शेवटचा सूर तेवढा बघ, लांबून आल्यासारखा वाटतो."

मी वाजवत नव्हते, हे त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच गेले. वही पियानोवर उघडी होती. काल कोऱ्या असलेल्या पानावर पेन्सिलने लिहिलं होतं...

'चौसष्ट. दुरून येतो.'

अक्षर मावशीचं होतं. मी कुठेही ओळखेन.

मी तारांवरचं झाकण उघडलं. चौसष्टच्या तारांमध्ये पाचर होती. निळ्या ठिपक्याची. अकरा वर्षं ती माझ्या कपाटात काडेपेटीत होती. त्या रात्री घरी जाऊन पाहिलं, तर काडेपेटी रिकामी.

पाचर हातात घेऊन मी तिथेच, पियानोपाशी, खाली बसले आणि रडले. मग बोलले. "मावशी, तुझे कान शाबूत होते गं. पाचर माझी राहिली होती. मी घाबरले."

खोलीत काही हललं नाही. ऊन तेवढं पियानोवरून खाली सरकलं.

मग मला आमची पद्धत आठवली. मी पेन्सिल घेतली आणि तिच्या ओळीखाली लिहिलं, 'पाचर माझी होती. त्या दिवशीची. तुझे कान चांगले होते.' पुढे माझी खूण केली. अंधार पडेपर्यंत थांबले. पियानो वाजला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हमाल आले. मामा त्यांना जिन्याचं वळण समजावत होता. मी आधी वही उघडली.

तिची तक्रार खोडलेली होती. खोडरबराचा भुगा पानावर तसाच होता. माझ्या ओळी होत्या, माझी खूण होती. आणि त्याखाली, पेन्सिल दाबून लिहिलेलं...

'मग मी थांबले कशाला?'

तेवढंच.

पियानो आता शाळेत आहे. मुलं बडवतात. चौसष्ट उत्तम वाजते, कुणाची तक्रार नाही. पाचर पुन्हा काडेपेटीत आहे, आणि ती आहे का हे मी झोपण्याआधी बघते. वही माझ्या उशाशी असते. त्या प्रश्नाखाली मी खूप काही लिहून पाहिलं. माफी मागितली, कारणं दिली, मग सगळं खोडलं.

रोज सकाळी ते पान उघडते.

माझ्या खुणेशेजारची जागा अजून रिकामी आहे.